गाडीतला अ‍ॅम्प तापून बंद पडतोय? ऊन, स्वस्त वायर आणि ‘१२०० वॅट’चा हिशोब

मागच्या एप्रिलमध्ये अकोल्याहून शेगावला निघालो होतो. आई पुढच्या सीटवर, भाचा मागे. अर्ध्या तासात गाण्यातला बेस एकदम गायब. पाच-दहा मिनिटांनी परत आला, परत गेला. मी ब्लूटूथला शिव्या देत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, “अरे, सीटखालून चटका लागतोय मला.”

गाडी बाजूला घेतली आणि सीटखाली हात घातला. अ‍ॅम्प्लिफायरवर बोट टेकवत नव्हतं. त्यावर ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागलेला. पण खरी भीती वाटली ती शेजारच्या वायरची. तिचं आवरण मऊ पडलं होतं आणि खालच्या मॅटला चिकटलं होतं.

गाडी मी सेकंड हँड घेतलेली आणि सिस्टीम एका दुकानातून बसवून घेतलेली. दुकानदाराला फोन केला तर उत्तर आलं, “ऊन आहे ना सर, उन्हाळ्यात असंच होतं.” अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं शोधायला मला दोन रविवार लागले, आणि त्यात आपल्या कार ऑडिओ बाजाराबद्दल बरंच काही कळलं.

अ‍ॅम्प तापतो म्हणजे नेमकं काय?

फोन तापल्यावर काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे. स्क्रीन मंद करतो, चार्जिंग हळू करतो, गेम अडखळायला लागतो. तो स्वतःला वाचवत असतो. अ‍ॅम्पही तेच करतो, पण बहुतेक अ‍ॅम्पना हळू होणं जमत नाही. ते सरळ बंद पडतात आणि थंड झाले की परत सुरू होतात.

उष्णता येते कुठून? ‘क्लास एबी’ प्रकारचा अ‍ॅम्प बॅटरीतून जेवढी वीज घेतो, त्यातली साधारण ५० ते ६० टक्केच स्पीकरपर्यंत पोचवतो. बाकीची उष्णता होते. ‘क्लास डी’मध्ये हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं, म्हणून तो आकाराने लहान असतो आणि कमी तापतो. माझा क्लास एबी.

आता उन्हाचा हिशोब. अ‍ॅम्पच्या बाहेरच्या पट्ट्या आजूबाजूच्या हवेत उष्णता सोडतात. पट्ट्या ७५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल, तर फरक ४५ चा. अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ५५ सहज होतात. म्हणजे फरक उरला २० चा. उष्णता बाहेर पडण्याचा वेग निम्म्याहून कमी झाला. त्यात अ‍ॅम्प सीटखाली, वर मॅट. बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागाच नाही!

पण माझा अ‍ॅम्प डिसेंबरच्या रात्रीही एकदा बंद पडला होता. म्हणजे फक्त ऊन नव्हतं.

पहिली गडबड : स्पीकरची जोडणी

साधा डिजिटल मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. स्पीकरच्या वायर अ‍ॅम्पमधून काढल्या आणि ओहम मोजले. आकडा आला १.८.

माझ्या सबवूफरमध्ये ४-४ ओहमच्या दोन कॉईल आहेत. दुकानदाराने त्या समांतर जोडल्या होत्या, म्हणजे झाले २ ओहम. (मीटरवर आकडा थोडा कमीच दिसतो.) अ‍ॅम्पच्या लेबलवर मात्र लिहिलेलं, ब्रिज जोडणीत किमान ४ ओहम. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट मागितला जातो. आवाज दणक्यात येतो, दुकानात उभं असताना आपण खूश होतो, आणि बिल देऊन निघतो. अ‍ॅम्प मात्र त्या दिवसापासून मरत असतो.

त्याच दोन कॉईल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर ८ ओहम होतात. ताकद ४ ओहमच्या तुलनेत साधारण निम्मी मिळते, पण कानाला तो फरक फक्त ३ डेसिबलचा. खरं सांगतो, भाच्याला कळलासुद्धा नाही.

दुसरी गडबड : वायर आणि अर्थिंग

इंजिन चालू ठेवून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवला. फार मोठ्याने नाही. मित्राच्या डीसी क्लॅम्प मीटरवर करंट दिसला ३० अँपिअर. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर ११.४. मधले २.२ व्होल्ट गेले कुठे? वायरमध्ये आणि सांध्यांमध्ये. २.२ गुणिले ३०, म्हणजे ६६ वॅट. जुन्या ६० वॅटच्या बल्बला हात लावून बघितला असेल तर अंदाज येईल. तेवढी उष्णता माझ्या मॅटखाली तयार होत होती.

त्यातले १.३ व्होल्ट एकट्या अर्थच्या बाजूला जात होते. वायर सीटच्या बोल्टला, रंगावरच कसलेली. रंग वीज वाहून नेत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

व्होल्टेज पडलं की काही अ‍ॅम्प तेवढीच ताकद देण्यासाठी जास्त करंट ओढतात. बाकीच्यांचा आवाज लवकर फाटतो, म्हणून आपण नॉब अजून फिरवतो. दोन्हीकडून तापणं वाढतंच.

मग प्लसची वायर सोलून बघितली. बाहेरून तांब्याचा रंग, पण एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! बाजारात तिला ‘सीसीए’ म्हणतात. तेवढ्याच जाडीत ती तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच वीज वाहते. एक काळजी घ्या : कथिलाचा मुलामा दिलेली चांगली तांब्याची तारही बाहेरून पांढरी दिसते. म्हणून खरवडून आतला रंग बघायचा.

हे सगळीकडे का होतंय?

तांबं महागलंय. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांब्याने टनाला ११ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला होता. इलेक्ट्रिक गाड्या, सोलर, डेटा सेंटर, सगळ्यांनाच तांबं हवंय. मग स्वस्त वायरिंग किट विकणाऱ्याला मुलामा दिलेली तार सोयीची पडते. सीसीए वापरणं हा गुन्हा नाही. ती जाड घेतली आणि फ्यूज योग्य ठेवला तर चालते. पण तांब्याची म्हणून विकणं, आवरण जाड करून आतली तार बारीक ठेवणं, ही फसवणूक आहे. आणि आपल्याकडे दुकानात वायर सोलून बघणारे गिऱ्हाईक किती?

दुसरा खेळ वॅटचा. माझ्या अ‍ॅम्पच्या डब्यावर ‘१२०० वॅट’ छापलंय. त्यावरचा फ्यूज ४० अँपिअरचा. ४० गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे ५५२ वॅट. अ‍ॅम्प सलग एवढंच घेऊ शकतो, मग १२०० देणार कुठून? त्यातले ५५ टक्के धरले तर साधारण ३०० वॅट. हाच खरा ‘आरएमएस’ आकडा, आणि तो मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात होताही. पुढच्या वेळी दुकानात गेलात की डबा बाजूला ठेवा आणि फ्यूजचा आकडा वाचा.

सगळ्यात धोकादायक गोष्ट

बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरमध्ये ८० अँपिअरचा फ्यूज निघाला. कहाणी सरळ होती. २ ओहमवर ४० चा फ्यूज उडत असणार, म्हणून कोणीतरी मोठा टाकून दिला. फ्यूज असतो वायर वाचवायला. बारीक वायरवर मोठा फ्यूज टाकला की आधी वायर पेटते, मग फ्यूज उडतो. आणि ती वायर माझ्या आईच्या सीटखालून जात होती.

म्हणून एक नियम पाठ करा : फ्यूज उडाला तर कारण शोधा, मोठा फ्यूज टाकू नका. मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत हवा आणि तो वायरला झेपेल एवढाच हवा.

फोनचाही हात आहे बरं का!

म्युझिक अ‍ॅपच्या इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबलने वाढवला की त्या भागात अ‍ॅम्पकडून चौपट ताकद मागितली जाते. अ‍ॅम्पवरचा बेस बूस्ट १२ डेसिबलला नेला की सोळापट. दोन्ही एकदम केले तर आवाज फाटणारच. आणि ‘गेन’ हा व्हॉल्यूमचा नॉब नाही. तो फोन किंवा स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचं माप जुळवण्यासाठी असतो.

मग करायचं काय? क्रमाने बघा

१. कुठल्याही वायरला हात लावण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा.

२. अ‍ॅम्प थंड होऊ द्या, स्पीकर काढा, मग चालू करा. तरीही लाल दिवा लागला तर बिघाड आत आहे. तो रिपेअरवाल्याकडे न्या.

३. ओहम मोजा आणि लेबलवरच्या किमान आकड्याशी ताडून बघा.

४. गाणं चालू असताना बॅटरी आणि अ‍ॅम्प यांच्यातला व्होल्टेजचा फरक बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल तर वायर, सांधे आणि अर्थ तपासा. अर्थ बॉडीच्या पत्र्याला, रंग घासून, जितक्या आखूड वायरने जमेल तितक्या.

५. सगळे बेस बूस्ट शून्यावर आणा. फोनचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा. आवाज फाटेपर्यंत गेन वाढवा, मग तिथून चांगला मागे घ्या.

६. अ‍ॅम्प मोकळ्या हवेत, शक्यतो पट्ट्या उभ्या राहतील असा बसवा. सबवूफरच्या पेटीवर नको, कंपनांनी सांधे सुटतात.

७. फॅन सगळ्यात शेवटी. आधीच्या चुका झाकण्यासाठी फॅन लावू नका.

मी कॉईल सिरीजमध्ये जोडल्या, खरी तांब्याची वायर दुप्पट पैसे देऊन घेतली, ४० चा फ्यूज टाकला आणि अ‍ॅम्प डिकीत बाजूच्या फळीवर उभा बसवला. आता फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आहे. विमा कंपनीला बाहेरून बसवलेल्या या सामानाची माहितीही दिली. न सांगितलेल्या फिटिंगवरून दावा अडतो, तेव्हा वाद घालायला आपल्या हातात काहीच नसतं.

मे महिन्यात परत शेगावला गेलो. जाता-येता बेस एकदाही गेला नाही. आईने मात्र बसण्याआधी सीटखाली हात घालून बघितलंच. तुम्हीही आज गाडी बंद केल्यावर एकदा बघा. अ‍ॅम्प कोमट असेल तर ठीक. वायर गरम लागली, तर गाणी बंद ठेवा आणि आधी फ्यूजचा आकडा वाचा.