हवाले किती आणि तपासण्या किती?

संशोधकाची थोरवी कशाने मोजावी, हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण वैद्यकीय प्राध्यापकांच्या बढत्या आता छापून आलेल्या शोधनिबंधांवर अवलंबून असतात. त्या निबंधांचा इतर संशोधकांनी किती वेळा हवाला दिला, याचीही मोजणी होते. मोजणी संगणक करतो आणि तीही बऱ्याचदा नावाच्या आधाराने. त्यामुळे एकाच नावाचे दोघे असले, एक पिशवीच्या कॅन्सरवर लिहिणारा आणि दुसरा जंगलातल्या पर्यावरणावर, तर दोघांचे खाते एक होऊन बसू शकते. सातबाऱ्यावर नावसारखेपणाने होणारा घोळ आपल्याला नवा नाही. तोच घोळ शास्त्राच्या दरबारातही चालतो, एवढेच.

या आकड्यांना मी तुच्छ मानत नाही. ज्याचा हवाला जगाने घ्यावा असे एक काम आपल्या मराठवाड्यातच झाले आहे, आणि ते किती जणांना ठाऊक आहे?

बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक मोठी पाहणी सुरू केली. डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, टाटाचे डॉ. शास्त्री ही त्यातली प्रमुख मंडळी. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथा गट नेहमीच्याच सेवेवर.

निष्कर्ष २००९ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप किंवा आम्लाच्या एकवेळच्या तपासणीने मात्र तेवढा फरक पडला नाही. तरी आम्लाची तपासणी टाकाऊ समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तीच दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे पुढे छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली.

त्या ६४ जणींचे काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे न्याय्य होते का, यावर बराच वाद झाला. माझ्या मते हा वाद रास्त आहे. खेड्यातल्या बायकांनी जगाला उत्तर मिळवून दिले, तेव्हा त्या उत्तराचा पहिला हक्क त्यांचाच.

तो हक्क त्यांना मिळाला का? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत. शासनाने २०१६ पासून ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी ठरवली आहे, ती कागदावर. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्यासारख्या गावात बाई ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणून येते, तेव्हा तिच्या मनात कॅन्सरची भीती असते आणि हातात पिशवी काढण्याचा सल्ला. बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणे २०१९ साली गाजली, तीत हीच भीती दाखवलेली होती. ज्या रोगाची खात्री पाच मिनिटांच्या तपासणीने सुरू करता येते, त्यासाठी घरचे दागिने गहाण पडतात. हवाल्यांचा आकडा वाढत गेला. इकडे गहाणाची पावती वाढत गेली.

म्हणून माझे मागणे साधे आहे. संशोधकाच्या खात्यात हवाल्यांशेजारी आणखी एक रकाना असावा: ज्या जिल्ह्यात संशोधन केले तिथे आज किती जणींची तपासणी होते? तो भरणे एकट्या संशोधकाच्या हाती नाही, सरकारच्याही आहे, हे मला कळते. तरी रकाना तर असू द्या.

तोवर भगिनींनो, वय तिशीच्या पुढे असेल तर तक्रार नसतानाही ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन पिशवीच्या तोंडाची तपासणी मागून घ्या. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर गेले, संबंधानंतर रक्त दिसले, दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल तर त्याच आठवड्यात. आणि कोणी पिशवी काढा म्हणाले, तर आधी विचारा: तपासणीचा कागद कुठे आहे?