उतारा न वाचता पैकीच्या पैकी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर पडा आणि मान वर करा. बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर क्लासेसचे बोर्ड दिसतील. दहावी, बारावी, बँकिंग, स्पर्धा परीक्षा, आयईएलटीएस. परीक्षा वेगळ्या, फी वेगळी. पण इंग्रजीच्या उताऱ्याबद्दल आत मिळणारा सल्ला बहुतेक ठिकाणी एकच असतो: उतारा वाचत बसू नका. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला मुख्य शब्द हेरा. तो उताऱ्यात शोधा. त्याच्या आजूबाजूची ओळ उचला आणि उत्तरपत्रिकेत उतरवा. क्लास परवडत नसेल तर हाच सल्ला तीस सेकंदांच्या रीलमध्ये फुकट मिळतो.

याला 'रीडिंग कॉम्प्रिहेन्शन स्ट्रॅटेजी' म्हणतात. माझं म्हणणं असं की ही वाचन टाळायची कला आहे, आणि पालक ती मुलांना पैसे मोजून शिकवतायत.

पटत नसेल तर हा उतारा सोडवून बघा.

खिरड्याच्या झुमट्याने मंगळवारी तीन फुरके लिचवले. फुरके फारच गुबळे असल्यामुळे त्याला पुष्कळ धमट लागली.

प्रश्न १: फुरके कोणी लिचवले? प्रश्न २: केव्हा? प्रश्न ३: किती? प्रश्न ४: कारण द्या: झुमट्याला धमट लागली.

झुमट्याने. मंगळवारी. तीन. कारण फुरके फारच गुबळे होते. चारपैकी चार गुण, अभिनंदन. आता मला सांगा, मंगळवारी नेमकं काय झालं? फुरका हा प्राणी आहे की भाजी? झुमट्याने चांगलं केलं की वाईट? तुम्हाला काहीच माहीत नाही, कारण हे शब्द मी आत्ता बनवलेत. तरी 'कारण द्या'सुद्धा सुटलं. प्रत्यय, क्रम आणि 'मुळे' एवढ्यावर पूर्ण मार्क मिळाले.

मराठी माध्यमातल्या कित्येक मुलांना इंग्रजी उतारा असाच दिसतो. मधूनमधून ओळखीचे शब्द, बाकी सगळे फुरके. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाने दहा वर्षं ही भाषा शाळेत घेतलेली असते. तरी परीक्षा जवळ आली की आपण त्याला सांगतो, अर्थाच्या भानगडीत पडू नकोस, शब्द जुळव.

बोर्डाच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली चौकटी पूर्ण करा, जोड्या लावा, चूक की बरोबर लिहा, शब्दार्थ, व्याकरण असं सगळं असतं आणि त्याच्यासोबत एक वैयक्तिक प्रतिसादाचा प्रश्न असतो. तुला काय वाटतं, असं विचारणारा तो एकच. तिथे तरी मुलाने स्वतः काही म्हणावं! तर त्याचाही साचा तयार आहे: मी लेखकाशी सहमत आहे, माझ्या मते ही गोष्ट आपल्या जीवनात अत्यंत महत्त्वाची आहे, आपण सर्वांनी तिचं पालन केलं पाहिजे. उतारा झाडांवर असो की क्रिकेटवर, मत तेच. मुलाचं मतसुद्धा आपण पाठ करून घेतो.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. शब्द दिला की तो मजकुरात कुठे आहे ते दाखवणं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त काम. कंट्रोल आणि एफ दाबा, झालं. आता तर तुमच्या हातातला फोन अख्खी पीडीएफ चाळून उत्तराची ओळ काढून देतो, वर सारांशही देतो. जे काम फोन फुकटात करतो ते शिकायला आपण पोराला संध्याकाळी सहाच्या बॅचला पाठवतो. आणि फोनला जे जमत नाही, म्हणजे वाचलेलं आपल्या आयुष्याला लावून बघणं, त्याला वेळ उरत नाही.

याचे परिणाम मला रोज दिसतात. टीममध्ये नव्याने आलेली मुलं हुशार असतात. पण स्क्रीनवर एरर मेसेज आला की तो वाचत नाहीत. कॉपी करतात आणि चॅटबॉटमध्ये टाकतात. मेसेजमध्ये साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं की अमुक नावाची फाइल अमुक फोल्डरमध्ये सापडली नाही. हा आळस नाही. इंग्रजी मजकूर आपल्याशी काही बोलत असतो, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी तो उत्तरं लपवायची जागा असतो.

पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर घ्या. त्यात शोधायचा शब्द सगळ्यांना माहीत असतो: पॅकेज. आकडा सापडला की स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर जातो. त्यातला किती हिस्सा कंपनीच्या मर्जीवर अवलंबून आहे, दोन वर्षांच्या आत सोडलं तर ट्रेनिंगचे पैसे परत मागतील का, हे तिसऱ्या पानावर असतं. ते सापडत नाही, कारण ते शोधायला कुणी सांगितलेलं नसतं. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या अटी, विम्याची पॉलिसी, डोंबिवलीतल्या वन बीएचकेचं अ‍ॅग्रीमेंट, सगळ्यांची तीच गत. खऱ्या कागदाखाली प्रश्न छापलेले नसतात. कोणता प्रश्न विचारायचा, हे तो कागद पूर्ण वाचल्यावरच कळतं. 'आधी प्रश्न वाचा' ही सवय नेमकी तिथे दगा देते.

गंमत म्हणजे प्रश्न आधी घ्यायची कल्पना मुळात वाईट नव्हती. फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली अभ्यासाची एक पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. आधी धडा वरवर चाळा, मथळ्यांवरून स्वतः प्रश्न तयार करा, मग वाचा, मग पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगा, मग उजळणी करा. आपल्या क्लासेसनी यातली 'प्रश्न' ही पायरी उचलली, तीही मुलाने स्वतः प्रश्न काढायचे ही अट वगळून. वाचा, सांगा, उजळणी करा, या तीन पायऱ्या गाळल्या. वरणभाताच्या रेसिपीतून वरण आणि भात काढून फोडणी तेवढी ठेवावी, तसं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. बँकेच्या आयबीपीएस पीओ पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या ३० प्रश्नांना २० मिनिटं मिळतात. आयईएलटीएसच्या वाचनाला ६० मिनिटांत तीन मोठे उतारे आणि ४० प्रश्न. दिव्याहून लटकत येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच इंग्रजी पेपर देणाऱ्या मुलीला 'बाळा, वाचनसंस्कृती जोपास' असं सांगणं ही क्रूर थट्टा आहे. तिला मार्क हवेत, नोकरी हवी, आणि तीही याच वर्षी. घड्याळ कसं सांभाळायचं, कोणता प्रश्न आधी सोडवायचा, हे तिला नक्की शिकवा.

पण किती दिवस? डॅनियल विलिंगहॅम हे मानसशास्त्रज्ञ २००६ साली वाचनाच्या स्ट्रॅटेजींवरचं संशोधन तपासून अशा निष्कर्षाला आले की त्यांचा फायदा होतो, पण तो थोडक्या शिकवणीत होऊन जातो. त्याच त्या युक्त्या जास्त दिवस घोटल्याने जास्त समजत नाही. तेव्हा एक-दोन आठवडे युक्त्यांना द्या. उरलेलं वर्ष कशात जातं, हा माझा सवाल आहे. सराव संचात जातं, म्हणजे पुन्हा फुरके लिचवण्यात.

मग समजतं कशाने? १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडचं भाषांतर सोपं आहे: मैदानात दिवस काढणाऱ्या पोराला क्रिकेटवरचा इंग्रजी मजकूर द्या, 'कमजोर' असूनही तो शेवटच्या ओव्हरमध्ये काय झालं ते हातवारे करून सांगेल. विषय माहीत असणं हीच मोठी युक्ती आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'संदर्भावरून अर्थ ओळखा' असं प्रत्येक सर सांगतात. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले १०० पैकी साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. दोन शब्द अडले तर बाकीचे मदतीला येतात. तीस अडले तर संदर्भ उरतच नाही. आणि शब्द येतात पुष्कळ वाचून, पुन्हा पुन्हा भेटून. त्याला रील नाही.

उतारा माणसाला शहाणा करू शकतो, याचा पुरावा परीक्षेतच आहे. आयईएलटीएसमध्ये एक प्रश्नप्रकार असतो: विधान खरं, खोटं, की 'दिलेलं नाही'? मुलं याच तिसऱ्या पर्यायावर चिडतात, कारण शब्द जुळवणारा तिथे हमखास आपटतो. समजा, मजकूर आहे: 'बदलापूर लोकल वीस मिनिटं उशिरा आली. तिला ऑफिसात लेट मार्क लागला.' विधान: 'लोकलमुळे तिला लेट मार्क लागला.' तुम्ही पटकन 'खरं' म्हणाल. पण मजकुराने तसं म्हटलेलंच नाही. ती त्या लोकलने आली का, हेही सांगितलेलं नाही. लिहिलेलं काय आणि आपण मनाने भरलेलं काय, यातला फरक ज्याला कळला त्याला व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड सहज गंडवू शकत नाही. असा प्रश्न दहावीच्या उताऱ्याखाली दरवर्षी आला तर क्लासेसना नाइलाजाने वाचायला शिकवावं लागेल. बोर्डाकडे माझी एवढीच मागणी आहे.

सरांकडे आणि मॅडमकडे मागणी याहून सोपी आहे. रोज एक पान इंग्रजी, मुलाच्या आवडीच्या विषयावरचं: मॅचचा रिपोर्ट, गेमचे नियम, मोबाइलचा रिव्ह्यू. खाली प्रश्न नकोत. पान मिटायचं आणि त्यात काय होतं ते मराठीत सांगायचं. हो, मराठीत. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की दंड करणाऱ्यांना हे झेपणार नाही, पण समजलं की नाही हे तपासायला याहून कडक परीक्षा नाही. मराठीत सांगताना फुरका लपवता येत नाही.

जागाही शोधायला नकोत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून. स्टेशनबाहेरच्या बोर्डांच्या कितीतरी आधी ही गावं वाचायला बसली होती. तिथे बसून वाचलेल्या पानाखाली प्रश्न नसतात आणि त्याला मार्कही नसतात. म्हणून तर ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागतं.