मूळ म्हणजे कोणते मूळ?

दिवाळीची आवराआवर हा आपल्याकडे नुसता स्वच्छतेचा कार्यक्रम नसतो. तो एक खटला असतो. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते, गृहिणीपुढे उभी राहते आणि तिला एकच प्रश्न विचारला जातो, "तुझा उपयोग काय?" पितळी स्टोव्ह आजीच्या वशिल्याने सुटतो. रेडिओचा खोका पुराव्याअभावी पुढच्या वर्षापर्यंत तहकूब होतो. परंतु एक आरोपी असा असतो की, तो माळ्यावर चढवता येत नाही आणि भंगारवाल्याला देण्याचा जीव होत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तो वर्षानुवर्षे उभा असतो. ती म्हणजे घरातली जुनी मोटारसायकल!

आमच्या खामगावात अशा ताडपत्र्या काही कमी नाहीत. त्यांपैकी एक आमच्या शेजारच्या वहिनींच्या अंगणात होती. तिच्याखाली १९६८ साली घेतलेली बुलेट. वहिनींचे यजमान शेतकी खात्यात होते. काळ्या मातीतल्या गाडीवाटांनी त्यांनी ती गावोगाव हिंडवली, आणि सुट्टीच्या दिवशी वहिनींना मागे बसवून बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला माहेरी नेली. ते गेल्यावर पंधरा वर्षे गाडी हलली नाही. यंदा चिरंजीव पुण्याहून आले आणि म्हणाले, "काका, बाबांची गाडी मूळ रूपात आणायची. तुम्ही मिस्त्रींना ओळखता, तेवढे जरा बघा."

आता मूळ रूप म्हणजे काय, हे ठरवायचे तर गाडीची कुंडली मांडायला हवी. रॉयल एन्फील्ड ही इंग्लंडातल्या रेडिच गावची कंपनी. 'बुलेट' हे नाव तिने १९३२ साली प्रथम वापरले, आणि मागच्या चाकाला झुलता आधार असलेली, आपल्या ओळखीची बुलेट १९४९ च्या सुमारास रस्त्यावर आली. आपल्या लष्कराला ती पसंत पडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत 'एन्फील्ड इंडिया' निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आरंभी इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि ते इथे जोडले जायचे; पुढे सारेच इथे घडू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० मध्ये इंग्लंडातले उत्पादनच थांबले, आणि लेक मात्र मद्रासला सुखाने नांदत राहिली! पुढे ही रीतच पडली. बीएसएचे नाव २०१६ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सने घेतले, नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसकडे आली, आणि ट्रायम्फच्या काही गाड्या २०२३ पासून आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. सांगायचे ते इतकेच की, वहिनींच्या अंगणातली गाडी मद्रासला जन्मलेली असली, तरी तिचा हाडापिंडाचा घाट विलायतीच होता.

चिरंजीवांनी दोन याद्या आणल्या होत्या. पहिलीत टाकीला कारखान्याचा रंग, नवे क्रोम, आणि मागच्या चाकाजवळ गावच्या लोहाराने वाकवून बसवलेली सळ्यांची जाळी काढून टाकणे. दुसरीत डिस्क ब्रेक, बटणाने चालू होणारे स्टार्टर आणि आवाज करणारा सायलेन्सर. म्हणजे वरून आजोबा आणि आतून नातू! मी दोन्ही याद्या मिस्त्रींपुढे ठेवल्या. त्यांनी त्या वाचल्यासुद्धा नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, इंजिन निजेल हाये, मेलं नाही. त्याले हळू उठवा. यादी मंग पाहू."

हळू उठवणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी अशी ताडपत्री आहे त्यांनी अवश्य ऐकावे. उत्साहाच्या भरात किक मारू नये. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत सिलिंडर कोरडा पडलेला असतो, त्यात पिस्टन ओढला की ओरखडे उठतात. प्रथम प्लग काढावा, त्या भोकातून थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे, आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. बुलेटची तेलाची टाकी वेगळी नसते. ती इंजिनाच्या पोटातच मागच्या बाजूला असते. त्यामुळे जुने तेल सगळे उपसून, गाळण्या धुऊन मगच नवे भरावे. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नसतात, तरंगता बुश असतो. तो तेलाच्या पातळ थरावर जगतो. तेल घाण झाले की तो जातो, आणि तो गेला की इंजिन पूर्ण खोलावे लागते.

दुसरी गोष्ट पान्यांची. आजकालच्या घरी मिलिमीटरचे पाने असतात. जुन्या बुलेटचे नट विलायती इंची मापाचे. त्या पान्यावर ३/८ लिहिलेले असते आणि तोंड मात्र पाऊण इंचाहून किंचितच कमी. कारण तो आकडा नटाच्या रुंदीचा नव्हे, बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो. तिथे 'जवळपास बसतो' म्हणून मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. मिस्त्रींच्या पेटीत असे पाने कापडात गुंडाळून ठेवलेले होते. ते त्यांनी चिरंजीवांच्या हाती दिले, तेव्हा कामाला खरी सुरुवात झाली.

पेट्रोलची बाब तर अगदी नवी. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. जुन्या गाडीच्या नळीचे रबर आणि तोटीतले बूच त्यासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, झिरपते. इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून टाकी लिंबूसत्ताच्या पाण्याने धुतली, नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घातल्या. कोणी म्हणेल, हे मूळ नव्हे. खरे आहे, पण मूळ नळीने पेट घेतला तर मूळ गाडीच उरत नाही!

विजेचेही तसेच. या गाडीवर ६ व्होल्टची वीज होती. तिच्या दिव्यात समोरचा बैल दिसण्याऐवजी बैलालाच आपण दिसत असू. १२ व्होल्टची जोडणी केली. बॅटरी, बल्ब, हॉर्न सारे बदलले, परंतु बाहेरून कवच तेच राहिले. ब्रेकसाठी डिस्कचा हट्ट चिरंजीवांनी सोडला, कारण मिस्त्रींनी तोड काढली: नंतरच्या बुलेटचे मोठ्या ड्रमचे, दोन्ही ब्रेकशू जोराने दाबणारे पुढचे चाक. दिसायला जुन्याच घराण्यातले, थांबवायला पुष्कळ बरे. स्टार्टरचा विचार सोडून दिला आणि सायलेन्सरचा तर बोलूच दिला नाही.

एक बदल मात्र गाडीत नव्हे, चालवणाऱ्यात करावा लागला. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या गाड्यांवर वाढलेल्या मुलाने अचानक थांबायचे म्हणून उजवा पाय दाबला की ब्रेकऐवजी गिअर पडतो. म्हणून आठ दिवस रोज पहाटे मोकळ्या मैदानावर त्याची शिकवणी झाली. हे सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळत नाही.

राहता राहिली ती लोहाराची जाळी. चिरंजीव म्हणाले, "काका, कॅटलॉगमध्ये ही नाही. मूळ गाडीला ही नव्हती." तेवढ्यात चहा घेऊन वहिनी बाहेर आल्या. इतके दिवस त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊजी, मूळ म्हणजे कोणते मूळ? गाडी आणली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझा पदर चाकात गेला होता. घाटात. त्यांनी वेळेवर गाडी थांबवली म्हणून मी आज चहा देते आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लोहाराकडे बसून ही जाळी करून घेतली. कारखान्याने केली नव्हती, म्हणून तर त्यांना करावी लागली."

चिरंजीव गप्प झाले. ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

पुढे १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आला. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारे संरक्षण, पकडायला मूठ आणि पाय ठेवायला जागा कारखानदाराने द्यावी, असे तो सांगतो. सरकारला जे १९८९ मध्ये सुचले, ते एका नवऱ्याला वीस वर्षे आधी भीतीने सुचले होते!

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. सांगाडा, देह वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा ही अट; नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, देखभालीला न्यायची. रोजच्या वापराला नाही. एरवी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून साध्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे. चिरंजीवांचा ओढा पहिल्या मार्गाकडे होता. वहिनींनी एकच विचारले, "त्या नोंदणीवर मला दर महिन्याला बुलढाण्याला जाता येईल का?" येणार नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. गाडी साध्या नोंदणीसाठी तपासणीला गेली.

खामगाव ही चांदीची पेठ. इथला जुना सराफ सांगतो की, भांडे चकचकीत करणे सोपे असते, नक्षी न घालवता चकचकीत करणे अवघड. टाकीवर जिथे यजमानांचे गुडघे घासून रंग उडाला होता, ती जागा तशीच ठेवून बाकीची टाकी फक्त धुऊन पुसली. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून एका पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. उद्या कोणाला सारे परत बसवावेसे वाटले तर बसवता येईल. सांगाड्याला कुठेही कापले नाही, झाळले नाही. जिवाची काळजी घेणारे ते नवे घ्यावे, यंत्राला जगवणारे ते न दिसेल असे सुधारावे, आणि माणसाची खूण असेल तिथे हात आखडावा, एवढाच आमचा हिशेब.

तेव्हा वाचकहो, तुमच्या अंगणातली ताडपत्री यंदा उचलणार असाल, तर कॅटलॉग जरूर पाहा. पण आधी त्या गाडीवर मागे कोण बसत असे, त्यांना विचारा. त्या असतील तोवरच त्यांना विचारता येते.