पाणीयोजनेचं मॉडेल पीडीएफमध्ये नको, उघडणाऱ्या फाइलमध्ये द्या!

मंडळी, पोस्ट थोडी टेक्निकल आहे, पण विषय आपल्या नळाचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

नवीन पाइपलाइन टाकूनही टोकाच्या गल्लीत पाणी का चढत नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "कन्सल्टंटचं मॉडेल आमच्याकडे उघडत नाही साहेब, एरर येते." मी याच कामातला माणूस आहे. स्पष्ट सांगतो, ही सबब आहे.

कन्सल्टंट वॉटरजेम्ससारख्या महागड्या सॉफ्टवेअरवर डिझाइन करतो. त्यातून एपानेटसाठी आयएनपी फाइल काढता येते. एपानेट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, १९९३ पासूनचं आणि चक्क फुकट. फाइल नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. एरर २१५ म्हणजे एकच नाव दोनदा आलंय. ३१ अक्षरांपुढची नावं कापली गेली की असं होतं. २३३ म्हणजे एखादा नोड कुठल्याच पाइपला जोडलेला नाही. २२४ म्हणजे नेटवर्कमध्ये टाकी किंवा स्रोतच नाही. मनात आणलं तर हे बसून सुटतं.

खरी भीती एरर न देणाऱ्या चुकांची आहे. फाइलमध्ये युनिटची ओळ राहिली तर एपानेट गॅलन प्रति मिनिट धरतं. मग १०० मिमीची पाइप १०० इंची होते! कागदावर गावभर प्रेशर झकास, नळाला मात्र थेंब नाही. हेझन-विल्यम्सचा १४० हा आकडा डार्सी-वाइसबाखमध्ये गेला की तो १४० मिमी खडबडीतपणा होतो, म्हणजे पाइपच्या व्यासापेक्षा जास्त! आणि नेहमीच्या पद्धतीत प्रेशर उणे आलं तरी एपानेट मागणी पूर्ण झाली असंच धरतं, फक्त वॉर्निंग देतं. ती वॉर्निंग गुळगुळीत रिपोर्टात कोण छापणार?

म्हणून नगरपरिषदेकडे तीनच मागण्या :

१. शेवटचं बिल देण्याआधी मूळ मॉडेल आणि आयएनपी फाइल, दोन्ही ताब्यात घ्या.
२. दोन्हींतली एकूण पाइप लांबी, एकूण मागणी, टाक्यांच्या पातळ्या आणि टोकाच्या दहा नोडचं प्रेशर शेजारी-शेजारी मांडून सही घ्या. फरक निघाला तर कारण लेखी हवं.
३. फाइल वेबसाइटवर टाका.

"मॉडेल ही आमची मालमत्ता आहे," असं कन्सल्टंट म्हणतील. पैसे कुणाचे लागले हो? पाइप आपल्या, खड्डे आपल्या दारात आणि हिशोब मात्र त्यांच्या लॅपटॉपमध्ये? माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ मध्येच माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागण्याचा हक्क दिलाय. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन परत येऊ नका, फाइल मागा.

पुढच्या सभेत आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारा : "आयएनपी फाइल कुठाय?" उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा.