गाडी एका बाजूला ओढतेय? आधी तपासणी विका, मशीन नंतर घ्या



अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात गॅरेज किंवा टायरचं दुकान टाकू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "सर, व्हील अलाइनमेंटचं मशीन कोणतं घेऊ? थ्रीडी घेऊ की साधं?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. व्हिडिओत ते घाईघाईत सांगून होतं, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी कोणतंच मशीन घेऊ नका. "गाडी एका बाजूला ओढतेय" ही तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला नेमकं कारण शोधून द्यायला शिका. आणि त्या शोधण्याचे पैसे घ्यायला शिका.

गिऱ्हाईक आहे का? भरपूर आहे

आपल्या भागाचा विचार करा. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांनी किती लोअर आर्म वाकवले असतील ते मोजायला कोणी बसलं नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. आता मुंबईची गाडी शनिवारी सकाळी निघते आणि नाश्त्याला अलिबागेत असते.

पण मी तुम्हाला पर्यटकाच्या भरवशावर दुकान टाकायला सांगणार नाही. तो आज आला, परत कधी येईल सांगता येत नाही. तुमचं खरं गिऱ्हाईक इथलंच आहे. रेवस, रेवदंडा, आगरदांड्याहून मासळी आणि बर्फ वाहणारे पिकअप, मांडवा जेट्टीवरचे टॅक्सीवाले, शाळेची मुलं नेणारी ईको, पेणच्या गणेशमूर्ती घेऊन निघणारे टेम्पो, नागावचे होमस्टेवाले. यांची गाडी ओढायला लागली की टायर झिजतो, डिझेल जास्त लागतं आणि दिवसभर स्टीअरिंग धरून खांदे भरून येतात. शिवाय ही माणसं वर्षभर इथेच असतात. तुम्ही त्यांना फसवलंत तर नाक्यावर चर्चा होणार, नीट काम केलंत तरी नाक्यावरच होणार.

ओढणं म्हणजे दर वेळी अलाइनमेंट नव्हे

इथे बहुतेकांची गफलत होते. गाडी ओढली की अलाइनमेंट, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कारणं मात्र बरीच असतात, आणि ती स्वस्तापासून महागापर्यंत या क्रमाने तपासायची असतात.

पहिलं, रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी हलकीशी डावीकडे सरकणं हा दोष नाही. सपाट आणि मोकळ्या जागी, हात स्टीअरिंगवर सैल ठेवून बघा. हात पूर्ण सोडायचे नाहीत.

दुसरं, हवा. गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याशी चारही चाकं ताडून बघा. काही वेळा तक्रार इथेच संपते.

तिसरं, टायर. रेडियल टायरची बांधणी जरा कमी-जास्त असली किंवा तो एका कडेने झिजला असला, तर तो स्वतःच गाडी ओढतो. पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढण्याची दिशा उलटली किंवा ओढणं थांबलं तर दोष टायरचा. एकच खबरदारी घ्या: ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो असा बाजू बदलून लावायचा नसतो.

चौथं, ब्रेक. आपल्या किनाऱ्यावर याकडे जास्त लक्ष द्या. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि गाडी त्या बाजूला ओढते. बंगल्यावर हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या गाड्यांचे मागचे ब्रेकही असेच चिकटतात. तपासणी सोपी आहे. चार-पाच किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक मारत चालवून या आणि चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. पुढच्या दोन चाकांपैकी एकच जास्त तापलेलं असेल तर चोर सापडला. कोविडच्या वेळचं कपाळाला लावायचं यंत्र इथे चालत नाही, ते फक्त अंगाच्या तापापुरतं असतं. आणि हात लावून बघू नका, कातडी सोलून निघेल.

आता एक उलटी गंमत बघा. गाडी फक्त ब्रेक दाबल्यावर उजवीकडे ओढत असेल, तर दोष बऱ्याचदा डावीकडे असतो. डावा ब्रेक नीट पकडत नाही, उजवा पकडतो, म्हणून गाडी उजवीकडे जाते. अशा गाडीला "अलाइनमेंट करून बघू" म्हणून सोडून दिलीत आणि ती कार्लेखिंडीच्या किंवा सुकेळी खिंडीच्या उतारावर गेली, तर? मित्रांनो, इथे विषय माणसाच्या जिवाचा होतो.

पाचवं, खालचे सांधे. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा, चाक हलवून खेळ बघा. सांधे ढिले असतील तर वर कितीही भारी मशीन लावा, खड्ड्यात एकदा चाक गेलं की सेटिंग हललंच.

हे सगळं झालं की मग अलाइनमेंट. तिथेही एक गोष्ट माहीत असू द्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो सेट करता येतो. टो बिघडला की टायर घासतो आणि स्टीअरिंग तिरकं बसतं, पण गाडी सतत एकाच बाजूला ओढण्यामागे सहसा कॅम्बर किंवा कॅस्टरमधला फरक असतो. तो फरक पडला म्हणजे बहुधा काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. मशीन तो आकडा लाल रंगात दाखवतं, वाकलेला आर्म सरळ करत नाही. लाल आकड्यांचा कागद हातात घेऊन, पैसे भरून, गाडी तशीच ओढत घरी नेलेली माणसं तुमच्याही ओळखीत निघतील.

हप्ता निदान बिघडवतो

माझा मुख्य मुद्दा आता येतो. हिशेब मांडू. आकडे समजा म्हणून घ्या, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

समजा ६ लाखांचं मशीन घेतलं, ११ टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत. हप्ता साधारण १३ हजार. गाळ्याचं भाडं १० हजार, एक मदतनीस १२ हजार, वीज आणि किरकोळ ३ हजार. झाले ३८ हजार. एका अलाइनमेंटचे ५०० रुपये घेतलेत तर महिन्याला ७६ गाड्या फक्त खर्च भागवायला हव्यात. तुमचा स्वतःचा पगार त्यात धरलेलाच नाही. सुट्टी सोडून रोज तीन गाड्या. पाऊस असो, सण असो, रोज तीन.

आता सांगा, महिन्याच्या २५ तारखेला ५० गाड्या झाल्या आहेत, हप्ता तोंडावर आहे, आणि एक पिकअपवाला येतो. त्याच्या डाव्या टायरमध्ये हवा कमी आहे. तुम्ही त्याला "हवा भर आणि जा" असं म्हणाल? एकदा म्हणाल, दोनदा म्हणाल. तिसऱ्यांदा जीभ अडखळेल. माणूस वाईट असतो असं नाही, हप्ता त्याला तिकडे ओढतो. ज्याच्याकडे विकायला एकच गोष्ट आहे, त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच हवी आहे असं वाटायला लागतं. तुमचा धंदाच एका बाजूला ओढायला लागतो, आणि तो तपासायला कोणतंही मशीन मिळत नाही.

"नुसतं बघायचे पैसे?"

तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडे बघण्याचे पैसे कोण देतं? माझं म्हणणं, मागून तर बघा! डॉक्टर तपासून "औषध नको, आराम कर" म्हणाले तरी आपण फी देतोच ना? गिऱ्हाईक पैसे द्यायला नाही म्हणत नाही. पैशाच्या बदल्यात हातात काही दिसलं नाही की मग ते नाही म्हणतं.

म्हणून हातात चिठ्ठी द्या. एका पानाची, मराठीत. चारही चाकांची हवा आधी किती होती, आता किती. टायर बदलून काय फरक पडला. कोणतं चाक तापलं. कोणत्या सांध्यात खेळ आहे. आणि शेवटी एक ओळ: काय करावं लागेल आणि काय करायची गरज नाही. ही "गरज नाही"ची ओळच तुमची जाहिरात आहे. चाचणीच्या फेरीला मालकाला शेजारी बसवा. त्याला स्वतःला फरक जाणवला की पैशाची घासाघीस कमी होते.

समजा तपासणीचे २०० रुपये ठेवलेत आणि रोज तीन गाड्या आल्या, तर २६ दिवसांचे १५,६०० रुपये झाले. त्याच तीन गाड्या, पण डोक्यावर मशीनचा हप्ता नाही. ब्रेकचं काम, बुश, पंक्चर, हवा हे वेगळं.

एक पथ्य मात्र पाळा. "काम आमच्याकडे केलंत तर तपासणी फुकट" असं करू नका. ऐकायला गोड वाटतं, पण तसं केलंत की काम काढण्याचा मोह परत आला. तपासणीचे वेगळे, कामाचे वेगळे. अलाइनमेंटसाठी गाडी दुसऱ्याकडे पाठवलीत तर सुरुवातीला त्याच्याकडून कमिशनही घेऊ नका. कारण तेच.

मग मशीन कधी?

मी मशीनच्या विरोधात नाही. तुमच्या वहीत सलग तीन महिने रोज तीन-चार गाड्या "अलाइनमेंटला पाठवल्या" अशी नोंद दिसली, की जरूर घ्या. तेव्हा तो हप्ता गिऱ्हाईक भरतं, आणि तुमच्या तोंडून खोटं निघायची वेळ येत नाही. त्यासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, मुद्रा योजना आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करा. ती वही सोबत न्या. बँकेच्या साहेबांना कोटेशनपेक्षा ती वही जास्त पटेल असं माझं मत आहे.

सुरुवातीला हवेचा चांगला गेज, छोटा कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक जॅक आणि स्टँड, टॉर्क रेंच, इन्फ्रारेड थर्मामीटर, टायरची खोली मोजायचा गेज एवढं घ्या. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, यादी त्यात बसवायचा प्रयत्न करा. हाताला वळण नसेल तर आधी आयटीआय करा किंवा चांगल्या मेस्त्रीकडे वर्षभर राबा. अंडरबॉडी व्हिडिओ बघून येत नाही, माझे बघूनही नाही!

या आठवड्याचं काम

ओळखीच्या पाच गाड्या घ्या. वर सांगितलेल्या क्रमाने तपासा, प्रत्येकीची चिठ्ठी लिहा. पैसे घेऊ नका, पण चिठ्ठी मालकाच्या हातात द्या आणि विचारा, "याचे किती दिले असते?" पाच जण पाच आकडे सांगतील. त्यातला मधला आकडा तुमची पहिली फी. आणि त्या पाचपैकी किती गाड्यांना खरोखर अलाइनमेंट लागलं, तेही मोजा. मशीनचं कोटेशन मागवायचं की नाही ते त्यावरून ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशेब लिहीत राहा!