टोपलीतली मोहफुलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत एकच संगणक. प्रत्येकाला पाच मिनिटं. परवा सकाळी चित्रांचा प्रोग्राम लवकर उघडेना. पहिला नंबर असलेली मुलगी माउस दाबतच राहिली. मी ओरडले, "बिघडवलास ना!" तिची पाच मिनिटं तशीच गेली. पुढच्या मुलाला मात्र तोच प्रोग्राम झटकन उघडला!

असं का? मोहफुलं आठवा. पहाटे झाडाखाली विखुरलेली फुलं वेचायला वेळ लागतो. घरच्या टोपलीतून ओंजळभर घ्यायला क्षणही पुरतो. प्रोग्रामचे तुकडेही हार्ड डिस्कच्या तबकडीवर विखुरलेले. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, तरी तुकडे वेचून रॅममध्ये आणायला वेळ जातोच. मग विंडोज असो की लिनक्स, आणलेलं रॅममध्ये जागा असेपर्यंत राखून ठेवतात. संगणक बंद केला, की टोपली रिकामी! एसएसडीत फिरती तबकडीच नसते, म्हणून तिथे पहिल्यांदाही लवकर उघडतं.

तुम्हीही घड्याळ लावून पाहा: पहिल्यांदा किती सेकंद, प्रोग्राम बंद करून लगेच दुसऱ्यांदा किती?

त्या मुलीला मी तिची पाच मिनिटं परत दिली. सगळ्यांची टोपली तिनंच तर भरली होती!