आधी यात काय होते?

लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपल्याकडे पद्धत. वाटीच्या काठावर कोरलेले ते नाव केवळ हौसेचे नसते. शेजारी गेलेली वाटी त्या नावामुळेच घरी परत येते. दुसऱ्याच कुणाचे नाव असलेले पातेले स्वयंपाकघरात दिसले, की घरातील वडीलधारी माणसे विचारतात, ‘हे आपल्याकडे कसे आले?’

अमेरिकेत घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींसमोर आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. तो त्यांच्या गॅरेजमधल्या जुन्या पोलादी पिंपांविषयी आहे.

या हौसेला कायद्याची मान्यता उशिरा मिळाली. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करण्याला मोकळीक मिळाली. बिअर मात्र राहून गेली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन प्रौढ माणसे असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त झाली. अट एकच, ती विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हा उद्योग करणे गुन्हा आहे. तेव्हा पुढील मजकूर कुणी कृती म्हणून वाचू नये!)

बिअर झाली, पण भरायची कशात? बाटल्या धुऊन हात दुखतात. तेव्हा या मंडळींच्या मदतीला धावून आली ती शीतपेयांची पिंपे. कॉर्नेलियस कंपनीची, पाच गॅलनची म्हणजे सुमारे १९ लिटरची ही उभट पोलादी पिंपे उपाहारगृहांत सरबताचा अर्क पुरवण्यासाठी वापरली जात. पुढे तो अर्क खोक्यातल्या पिशवीतून येऊ लागला आणि पिंपे मोडीत निघाली. हौशी मंडळींनी ती स्वस्तात उचलली. पण हा साठा अमर्याद नव्हता. जुना माल कमी होत गेला, तशी किंमत चढू लागली.

त्यात राजकारणाची भर पडली. २०१८ साली अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के शुल्क बसवले. २०१९ मध्ये चीन, जर्मनी आणि मेक्सिकोतून येणाऱ्या पोलादी पिंपांवर वेगळे शुल्क लागले. जून २०२५ मध्ये बहुतेक देशांच्या पोलादावरील शुल्क ५० टक्क्यांवर गेले. नवी वस्तू महागली की जुनीला भाव येतो, हे कुठल्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. मात्र जुनीला भाव आला की तिच्यावरचे नाव पुसण्याचा मोहही वाढतो.

बिअरच्या कारखान्यांच्या मोठ्या पिंपांवर मालकाचे नाव ठशाने उमटवलेले असते. ग्राहक दुकानात अनामत ठेवतो, ती पिंप परत करण्यासाठी. ती पिंपाची किंमत नव्हे. अनामत बुडाली म्हणजे पिंप आपले झाले, हा समज सोयीचा असला तरी खोटा आहे. भंगारात अशा पिंपांची चोरटी विक्री होते आणि भुर्दंड पडतो तो छोट्या कारखानदारांना.

नाव तपासले, की दुसरी तपासणी दाबाची. रिकामे दिसणारे पिंप रिकामे असतेच असे नाही. आत वायू दाबून बसलेला असू शकतो. वाफ न सोडता प्रेशर कुकरचे झाकण कुणी ओढत नाही, तेच शहाणपण इथेही हवे. दाब न सोडता मोठ्या पिंपाची कडी काढली, तर आतली नळी बाणासारखी सुटते. २०१२ साली न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे एका बिअर कारखान्यात दाबाच्या हवेने धुताना प्लॅस्टिकचे पिंप फुटले आणि एका तरुण कामगाराचा जीव गेला. ते तर कारखान्यातले काम होते. घरच्या गॅरेजमध्ये तपासनीस कोण?

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. पिंप सुटे करून सोडियम परकार्बोनेटसारख्या क्षाराच्या गरम पाण्यात भिजवावे लागते. मात्र झाकण लावून नव्हे, कारण त्यातून प्राणवायू सुटतो आणि पुन्हा दाब साठतो. तळाशी जमलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढुरका थर आम्लाने निघतो. क्लोरीनचे ब्लीच स्टेनलेस पोलादाला बारीक खड्डे पाडते आणि आम्लात मिसळले तर विषारी वायू सोडते. लोखंडी तारेच्या घासणीचे कण मागे राहून गंजतात. रबरी कड्या बदलाव्याच लागतात, कारण पोलाद जुना वास विसरते, रबर विसरत नाही. शेवटी पिंपात वायू भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा आला तर काम अपुरे.

हे सगळे करणारा माणूस जुन्या वस्तूला खरोखर नवे आयुष्य देतो. कायद्याने मोकळीक दिली आणि बाजाराने स्वस्त पिंप दिले. पण तपासणीचा भार मात्र दोघांनीही घरमालकाच्या खांद्यावर टाकला. पुनर्वापराचे गोडवे गाताना ही बाजू विसरली जाते.

आणि ही गोष्ट केवळ अमेरिकेची नाही. पाणीटंचाई असलेल्या आपल्या वस्त्यांतून, गावांतून भंगारवाल्याकडचे निळे प्लॅस्टिकचे पिंप दारात उभे असते. अनेकदा ते रसायनाच्या कारखान्यातून आलेले असते आणि त्यावरची चिठ्ठी केव्हाच निघालेली असते. पोलाद घासून निघते. प्लॅस्टिक मात्र रसायन पोटात मुरवून घेते. तिथे हौस नसते, नाइलाज असतो. अमेरिकेतला हौशी माणूस पिंप नाकारू शकतो. पाण्याचा टँकर दाराशी उभा असताना आपल्याकडची बाई ते नाकारू शकत नाही. म्हणून आधी यात काय होते, हे तिने विचारण्याची वेळच येऊ नये. ते पिंपावर लिहिलेले असावे आणि विकणाऱ्याला ते सांगणे भाग पडावे.